श्रीलंकेला फिरायला जाताना बौद्ध तरुणांनी काय पाहावे?

सुट्ट्या जवळ आल्या की ट्रॅव्हल कंपन्यांच्या जाहिराती सुरू होतात. श्रीलंकेच्या जाहिरातीत साधारण तीन गोष्टी असतात : निळा समुद्र, चहाचे मळे आणि भारतीय पर्यटकांसाठी खास तयार केलेली रामायण सहल. सीतेला ठेवले ती जागा, रावणाची गुहा असे दाखवत गाडी पुढे जाते. ज्या देशात बावीसशे वर्षांहून अधिक काळ धम्म टिकून आहे, जिथे पाली त्रिपिटक पहिल्यांदा लिहून काढले गेले, तो देश आपल्या लोकांना रावणाचा देश म्हणून दाखवला जातो.

आज आपल्या समाजातील शिक्षक, नर्स, इंजिनिअर, बँकेतील कर्मचारी स्वतःच्या कमाईवर परदेश प्रवास करू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. मुंबईहून कोलंबो विमानाने साधारण अडीच तासांवर आहे आणि युरोपच्या मानाने खर्चही कमी येतो. म्हणूनच जाण्याआधी हे समजून घेतले पाहिजे की, तिथे आपल्यासाठी काय आहे.

श्रीलंकेत दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. भारतातून नाहीसा झालेला धम्म एका समाजाने कसा जपला, ही पहिली. त्याच समाजात जात आणि वंशाचा अभिमान धम्माच्या घरात कसा शिरला, ही दुसरी. बाबासाहेबांचा अनुयायी म्हणून जाणाऱ्याने या दोन्ही गोष्टी पाहून यायला हव्यात.

नाते सोपाऱ्यापासूनचे

सम्राट अशोकाच्या काळात पाटलिपुत्रात तिसरी संगीती झाली. त्यानंतर वेगवेगळ्या प्रदेशांत धम्मदूत पाठवले गेले, असे 'महावंस' हा श्रीलंकेचा पाली ग्रंथ सांगतो. त्या यादीत महारट्ठ म्हणजे महाराष्ट्र आहे, अपरांत म्हणजे आपले कोकण आहे आणि लंकाही आहे. अपरांताचे मुख्य बंदर सोपारा, म्हणजे आजचे नालासोपारा. तिथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. थोडक्यात, महाराष्ट्रात आणि श्रीलंकेत धम्म एकाच मोहिमेतून पोहोचला. आपल्याकडे तो पुढे लेण्यांमध्ये मुका झाला. तिकडे तो चालू राहिला.

लंकेत गेलेले धम्मदूत म्हणजे अशोकपुत्र महिंद थेर. त्यांच्या मागून संघमित्रा थेरी बोधिवृक्षाची फांदी घेऊन गेल्या आणि तिथे भिक्खुणी संघ स्थापन झाला. बुद्धगयेचा मूळ वृक्ष पुढे नष्ट झाला, पण अनुराधपूरचा वृक्ष राहिला. माणसाने लावलेल्या आणि लागवडीचा काळ नोंदवलेल्या झाडांमध्ये तो जगातील सर्वांत जुना मानला जातो. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष याच अनुराधपूरच्या वृक्षाच्या रोपांपासून वाढला आहे. ती रोपे भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणली होती. दरवर्षी लाखो लोक ज्या झाडाला वंदन करतात, त्याचे मूळ घर पाहायला जाणे हे सहलीचे पुरेसे कारण आहे.

अनुराधपूर आणि मिहिंतले

कोलंबोपासून अनुराधपूर सुमारे २०० किलोमीटर आहे. इ.स.पू. चौथ्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत, म्हणजे तेराशे वर्षांहून अधिक काळ, हे राजधानीचे शहर होते. १९८२ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. हे शहर एका तासात उरकण्यासारखे नाही. किमान एक पूर्ण दिवस ठेवा आणि शक्य असेल तर सायकल भाड्याने घ्या.

जय श्री महाबोधी, पांढराशुभ्र रुवनवेलीसेय स्तूप आणि लंकेतील पहिला स्तूप मानला जाणारा थूपाराम ही तीन ठिकाणे जवळजवळ आहेत. जेतवनाराम स्तूप तिसऱ्या शतकाच्या अखेरीस राजा महासेनाने बांधायला घेतला. त्याची मूळ उंची सुमारे १२२ मीटर होती. गिझाचे दोन मोठे पिरॅमिड सोडले, तर प्राचीन जगात त्याहून उंच बांधकाम नव्हते, आणि हा स्तूप पूर्ण विटांचा आहे. सांची किंवा कार्ले पाहिलेल्या माणसाला स्तूप म्हणजे काय ते माहीत असते; पण अख्ख्या शहराच्या डोक्यावर उभा असलेला स्तूप पाहणे हा वेगळा अनुभव आहे.

अभयगिरी विहारात पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी प्रवासी फाहियान राहून गेला. इथले अवशेष पाहताना भिंतींबरोबर पाण्याची व्यवस्थाही पाहा. दगडी जुळे तलाव, भिक्खूंच्या भोजनगृहातील दगडी डोणी आणि शहराभोवतीचे मोठे तलाव. तिथे या तलावांना 'वेवा' म्हणतात. या तलावांच्या पाण्यावर भातशेती झाली आणि भातशेतीवर एवढे मोठे विहार उभे राहिले. धम्म टिकायला विचार लागतो, तसे अन्नपाण्याचे नियोजनही लागते, हे इथे डोळ्यांना दिसते.

मिहिंतले अनुराधपूरपासून १२-१३ किलोमीटरवर आहे. महिंद थेर आणि राजा देवानंपिय तिस्स यांची भेट या डोंगरावर झाली, अशी परंपरा आहे. वर जायला १,८४० पायऱ्या आहेत. जूनमधील पोसोन पौर्णिमेला इथे पांढऱ्या कपड्यांतील उपासक-उपासिकांची प्रचंड गर्दी होते.

अलुविहार, दांबुल्ला, सिगिरिया, पोलोन्नरुवा

मातले गावाजवळचे अलुविहार हे छोटे लेणे बहुतेक टूरमध्ये नसते. इ.स.पू. पहिल्या शतकात दुष्काळ आणि युद्धाने भिक्खूंची संख्या घटली, तेव्हा तोवर तोंडपाठ ठेवलेले त्रिपिटक इथे ताडपत्रांवर लिहून काढले गेले. लिहिले म्हणून उरले. ज्या समाजाला शतकानुशतके लिहिण्या-वाचण्यापासून दूर ठेवले गेले, त्या समाजातून आलेल्या आपल्याला या जागेचे मोल वेगळे सांगायला नको.

दांबुल्ल्याच्या पाच गुहांमध्ये सुमारे दीडशे बुद्धमूर्ती आणि छतभर भित्तिचित्रे आहेत. पण दांबुल्ल्याला आधुनिक इतिहासही आहे. १९८५ साली इथल्या भिक्खूंनी जात न पाहता उपसंपदा देण्यास सुरुवात केली. १९९८ साली इथेच महिलांना भिक्खुणी म्हणून उपसंपदा देण्यात आली. संघमित्रांनी सुरू केलेला भिक्खुणी संघ सुमारे अकराव्या शतकात खंडित झाला होता. जात न पाहण्याची गरज बौद्ध देशात का पडली, याचे उत्तर कँडीत मिळते.

सिगिरिया हा सपाट प्रदेशातून एकदम वर आलेला प्रचंड खडक आहे. पाचव्या शतकात राजा काश्यपाने त्यावर राजवाडा आणि खाली कारंज्यांची बाग केली. त्याच्यानंतर तिथे पुन्हा भिक्खूंचा विहार झाला. खडकावरील स्त्रियांची चित्रे अजिंठ्याची आठवण करून देतात. ऊन वाढण्याआधी, सकाळी लवकर चढा.

पोलोन्नरुवा ही अनुराधपूरनंतरची राजधानी. बाराव्या शतकात राजा पराक्रमबाहूच्या काळात एकाच कातळात कोरलेल्या गल विहाराच्या मूर्ती तिथे आहेत. त्यातील महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे १४ मीटर लांब आहे. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात आपण हाच प्रसंग पाहिलेला असतो.

कँडी : दंतधातू, निकाय आणि जात

कँडी शहरातील दळदा मालिगाव या विहारात बुद्धांचा दंतधातू आहे, अशी तेथील बौद्धांची श्रद्धा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सजवलेल्या हत्तींची मोठी मिरवणूक निघते. पर्यटक ती पाहतात आणि परततात. आपण आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे.

अठराव्या शतकात लंकेत उपसंपदा देण्याची परंपरा तुटली होती. १७५३ साली सयाम म्हणजे थायलंडहून उपाली थेर आले आणि संघ पुन्हा उभा राहिला. त्यालाच सयाम निकाय म्हणतात. काही वर्षांतच या निकायात फक्त गोविगम या शेतजमीनवाल्या, वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीतील मुलांनाच उपसंपदा देण्याचा नियम झाला. दालचिनी सोलणारे, मासेमारी करणारे, ताडी काढणारे यांच्या मुलांना दार बंद झाले. दंतधातूची व्यवस्था ज्या मल्वत्त आणि अस्गिरिय या दोन महाविहारांशी जोडलेली आहे, ते याच निकायाचे आहेत.

वगळल्या गेलेल्यांनी काय केले? दालचिनी सोलणाऱ्या सलागम समाजातील तरुण १७९९ साली ब्रह्मदेशाला गेले, तिथे अमरपुरा शहरात उपसंपदा घेतली आणि १८०३ मध्ये परत येऊन नवा संघ उभा केला. तोच अमरपुरा निकाय. १८६४ मध्ये रामञ्ञ निकाय आला. पुढे अमरपुरा निकायातही जातीनुसार गट पडले. ज्या बुद्धांनी उपाली नावाच्या न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी संघात घेतले, त्यांच्या संघात हे घडले.

भारतातील अस्पृश्यतेशी याची सरळ तुलना होत नाही. तिथे मंदिरबंदी किंवा गावकुसाबाहेरचे जगणे आपल्याएवढे व्यापक नव्हते. तरीही रोडिय नावाच्या समाजाला पिढ्यान्पिढ्या बहिष्कृत ठेवले गेले. धम्म स्वीकारला की जात आपोआप जाते, असे मानून आपण निवांत बसू नये, हा यातला धडा आहे. महाराष्ट्रातही लग्न जुळवताना 'आपल्यातलाच' बौद्ध शोधला जातो, हे आपण सगळे जाणतो.

बाबासाहेब मे १९५० मध्ये माईसाहेबांसह श्रीलंकेत गेले होते. तेव्हा कँडीत 'वर्ल्ड फेलोशिप ऑफ बुद्धिस्ट्स' या संघटनेची स्थापना परिषद भरली होती. बौद्ध देशात धम्म प्रत्यक्षात कसा जगला जातो, त्याचे विधी काय, हे त्यांना स्वतः पाहायचे होते. कोलंबोत त्यांनी भारतातील बौद्ध धम्माचा उदय आणि अस्त या विषयावर भाषण दिले. टाऊन हॉलमधील सभेत त्यांनी तेथील अस्पृश्यांना बौद्ध होण्याचे आवाहन केले, आणि तेथील बौद्धांना सांगितले की या लोकांना आपले माना, पालकाच्या मायेने त्यांच्याकडे पाहा. कँडीत उभे राहाल तेव्हा हे आवाहन आठवा.

चहाच्या मळ्यांत कोण राबते?

कँडीहून नुवरा एलिया आणि एल्लाकडे जाणारी रेल्वे फार सुंदर आहे. दारात उभे राहून काढलेले फोटो समाजमाध्यमांवर सगळीकडे दिसतात. फोटोच्या मागे हिरव्या उतारावर पाने खुडणाऱ्या बाया दिसतात. त्या कोण आहेत?

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी आधी कॉफीच्या आणि मग चहाच्या मळ्यांसाठी तमिळनाडूतून मजूर नेले. त्यात पळ्ळर, परैयर, चक्किलियर या अस्पृश्य ठरवलेल्या जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतील सुमारे सात लाख लोक कोणत्याच देशाचे राहिले नाहीत. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारात त्यांची दोन देशांत आकड्यांनी वाटणी झाली. उरलेल्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न सुटायला २००३ साल उजाडले. आजही अनेक कुटुंबे मळ्यांतील एका ओळीच्या जुन्या खोल्यांत राहतात. आपल्याच नात्याची ही माणसे आहेत. त्यांना फोटोतील देखावा समजू नका. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, चार शब्द बोला.

समुद्र : ऊन, वाळू आणि आठवणी

समुद्राची मजा घ्यायलाच हवी, फक्त ऋतू पाहून किनारा निवडा. डिसेंबर ते मार्च दक्षिण आणि नैऋत्य किनारा चांगला : बेंतोटा, उनावटुना, मिरिसा, तंगाल्ले. मे ते सप्टेंबर तिथे पावसाळा असतो, तेव्हा पूर्व किनारा चांगला : त्रिंकोमालीजवळचे निलावेली, दक्षिणेकडे अरुगम बे. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी पूर्व किनाराच धरावा.

गॉलचा किल्ला पोर्तुगीज आणि डचांचा वारसा आहे. त्याच रस्त्यावर पेरालियाला थांबा. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इथे एक प्रवासी रेल्वे लाटेखाली गेली आणि हजाराहून अधिक माणसे मेली. तिथे जपानच्या मदतीने उभारलेली बुद्धमूर्ती आहे. तिची घडण बामियानच्या नष्ट केलेल्या मूर्तीवरून घेतलेली आहे.

त्रिंकोमालीच्या उत्तरेला तिरियाय येथे गोल दगडी खांबांनी वेढलेला प्राचीन स्तूप आहे. बुद्धांचे पहिले उपासक, तपस्सु आणि भल्लिक हे व्यापारी इथे आले होते, अशी आख्यायिका आहे. वेळ असेल तर जाफन्यापर्यंत जा. तिथल्या कंदरोडई गावात लहान लहान स्तूपांचा समूह आहे. जवळच्या नयिनातीवु बेटावर नागदीप विहार आणि अम्मनचे हिंदू मंदिर दोन्ही आहेत. या बेटाचा संबंध 'मणिमेकलै' या तमिळ बौद्ध महाकाव्याशी जोडला जातो. एकेकाळी तमिळ माणूसही बौद्ध होता, याचा हा पुरावा आहे.

हे महत्त्वाचे अशासाठी की, १९८३ ते २००९ असे २६ वर्षांचे यादवी युद्ध या देशाने भोगले. १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले, त्यात सुमारे ९७ हजार पुस्तके गेली. १९८५ मध्ये तमिळ वाघांनी अनुराधपूरमध्ये १४६ निरपराध माणसे मारली. बोधिवृक्षाच्या आवारातही गोळीबार झाला. १९९८ मध्ये दळदा मालिगावावर बॉम्बहल्ला झाला. आज उत्तर आणि पूर्व भागात जुना स्तूप सापडला की तो सिंहलींचाच, म्हणून जमीनही त्यांचीच, असा दावा होतो आणि तमिळ-मुस्लिम वस्त्या धास्तावतात. १९७८ च्या राज्यघटनेतील ९ वे कलम बौद्ध धम्माला अग्रस्थान देते.

बुद्धगयेच्या महाबोधी विहारासाठी १९४९ च्या कायद्याविरुद्ध आपण लढतो. कार्ले लेण्यापुढच्या अतिक्रमणावर बोलतो. ती मागणी न्यायाची आहे आणि ती न्यायाच्या भाषेत करायची असेल, तर बौद्ध बहुसंख्य असलेल्या देशातील अल्पसंख्याकांनाही तोच न्याय लावावा लागेल. बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धांकडून घेतली असे सांगितले. त्या तत्त्वांना देशाची सीमा नाही.

निघण्यापूर्वी

– किमान आठ दिवस ठेवा : अनुराधपूर-मिहिंतले दोन, दांबुल्ला-सिगिरिया-पोलोन्नरुवा दोन, अलुविहार करून कँडी एक, चहाचे मळे एक, समुद्र दोन.

– विहारात खांदे आणि गुडघे झाकणारे, शक्यतो पांढरे कपडे घाला. चपला आणि टोपी बाहेर काढा. उन्हात फरशी तापते, मोजे जवळ ठेवा.

– बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढणे तिथे अपमान मानले जाते. हातावर बुद्धांचा टॅटू असेल तर तो झाकून ठेवा. २०१४ मध्ये अशा टॅटूमुळे एका ब्रिटिश पर्यटक महिलेला ताब्यात घेऊन परत पाठवले होते.

– प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. तिला 'पोया' म्हणतात. त्या दिवशी दारू विकली जात नाही. वैशाख पौर्णिमेला रस्तोरस्ती कंदील असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मोफत जेवण देणारे मांडव असतात. जमल्यास तेव्हाच जा.

– पासपोर्ट जवळ बाळगा. अनेक स्मारकांवर सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत मिळते. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते सरकारी संकेतस्थळावरच तपासा.

– रामायण सहल हवीच आहे का, हे टूरवाल्याला आधी सांगा. दहा-पंधरा जणांचा गट असेल तर त्याऐवजी अलुविहार, मिहिंतले आणि तिरियाय घालून मिळते.

– तिथल्या भिक्खूंशी, विद्यार्थ्यांशी बोला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय घडले आणि २२ प्रतिज्ञा कशासाठी आहेत, हे त्यांना सांगा. आणि त्यांच्या निकायांत जात अजून का आहे, हेही नम्रपणे विचारा.

त्यांच्याकडे अखंड परंपरा आहे, आपल्याकडे जातिअंताचा विचार आहे. दोन्ही बाजूंना एकमेकांकडून शिकण्यासारखे बरेच आहे. परत आल्यावर आपल्या वस्तीतील बुद्ध विहारात एका रविवारी मुलांना हे फोटो दाखवा, आणि फोटोंमागची ही माहितीही सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!